वसतिगृहाचा बंब आणि रांगेतील शेवटचे मूल

स्मरणिका समितीने आमच्याकडे शाळेचा इतिहास मागितला होता. पायाभरणी, कोनशिला आणि देणगीदार यांविषयी इतर लेखांत सविस्तर आले आहे. आम्ही मात्र न्हाणीघरामागे उभ्या असलेल्या बंबाविषयी लिहीत आहोत. डिसेंबरच्या पहाटे हातात बादली घेऊन ज्यांनी तेथे रांग धरली आहे, त्या माजी विद्यार्थ्यांना या निवडीचे कारण सांगावे लागणार नाही. त्या रांगेत शेवटी कोण असे, तेही त्यांना आठवत असेल. पाचवीत नव्याने दाखल झालेली, अजून घरची आठवण काढून रडणारी लहान मुले शेवटी असत. दहावीच्या मुलांना कढत पाणी मिळे, मधल्यांना कोमट, आणि या चिमुकल्यांच्या वाट्याला विहिरीचे जसेच्या तसे. वर्गात समतेचा धडा शिकवून बाहेर पडावे आणि न्हाणीघरात ही उतरंड पाहावी, हे आम्हांला अनेक वर्षे खटकत होते.

गरम पाण्याची सोय म्हणजे चैन, असे मानणारे काही पालक आहेत. त्यांनी विनयपिटकातील चुल्लवग्ग अवश्य पाहावा. वेसालीत भिक्खूंच्या प्रकृती बिघडलेल्या पाहून वैद्य जीवकाने भगवंतांकडे चंक्रमणाची जागा आणि जन्ताघर, म्हणजे उष्ण स्नानगृह, यांची अनुज्ञा मागितली आणि ती मिळाली. पुढचा तपशील तर एखाद्या गवंड्याने सांगावा असा आहे. जन्ताघर लहान असेल तर अग्निस्थान एका बाजूला असावे, मोठे असेल तर मध्यभागी. धूर जाण्यासाठी धूमनेत्त, म्हणजे धुराडे, असावे. विस्तवाने तोंड भाजते म्हणून चेहऱ्याला माती लावावी. सर्वांत शेवटी बाहेर पडणाऱ्याने विस्तव विझवून दार लावावे. अग्नी कोठे ठेवावा आणि धूर कोठून काढावा याचा विचार आपल्या परंपरेत इतका जुना आहे.

थंड देशांत हा विचार निराळ्या वाटेने गेला. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया भागातील अनेक घरांच्या तळघरात दगडी कोळशाचा बॉयलर असतो. त्यात ‘स्टोकर’ नावाचे यंत्र आपोआप थोडा थोडा कोळसा सारत राहते आणि तापलेले पाणी घरभर फिरते. तेथील लोक बॉयलरला आणि नळ्यांना आवरण घालून कोळसा वाचवतात. आपल्याकडे असा बॉयलर घरात कधी आला नाही. त्याचा जवळचा नातेवाईक म्हणजे बंब. येथे स्टोकर म्हणजे माणूस, आणि हे काम आपल्या समाजाच्या वाट्याला कसे आले होते ते वेगळे सांगायला नको. गावकीच्या वेठीत सरपण फोडणे हेही एक काम होते. दुसऱ्याच्या चुलीसाठी लाकूड फोडणाऱ्यांची नातवंडे आज उष्णतेचे गणित मांडतात, म्हणून ते गणित येथे थोडे विस्ताराने देतो.

शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला २,५०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो वाळलेले लाकूड सुमारे ४,००० किलोकॅलरी देते. म्हणजे सगळी उष्णता पाण्यात उतरली तर सव्वासहाशे ग्रॅम लाकूड पुरावे. प्रत्यक्षात मोळीच्या मोळी जाते. बाकीची उष्णता जाते कोठे? बरीचशी मधल्या धुराड्यातून आकाशात जाते. काही ओल्या सरपणात मुरते, कारण लाकडातले एक किलो पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ५४० किलोकॅलरी घेऊन जाते. म्हणून पराट्या आणि तुराट्या पावसाळ्यापूर्वीच छपराखाली रचून ठेवणे ही पहिली सुधारणा होय, आणि तिला एक पैसाही लागत नाही. दुसरी सुधारणा साफसफाईची. धुराड्याच्या आत साचलेली काजळी उष्णतेला अडवते, आणि बोअरच्या जड पाण्याचे क्षार आतून थर धरतात, तेही अडवतात. जाळीखालची राख रोज काढली नाही तर विस्तवाला खालून हवा मिळत नाही आणि तो नुसता धुमसतो.

आता आवरणाविषयी. तांबे हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट सहज उष्णता वाहून नेते. म्हणून तांब्याचा बंब लवकर तापतो आणि उघडा ठेवला तर लवकर निवतोही. उष्णता अडवते ती कोंडून ठेवलेली स्थिर हवा. येथे पुष्कळांचा एक गैरसमज होतो. जाड आणि जड वस्तू म्हणजे चांगले आवरण, असे त्यांना वाटते. आपली जुनी माळवदाची घरे उन्हाळ्यात गार राहत, कारण जाड मातीतून ऊन आत यायला फार वेळ लागे. पण तेच ओझे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात माणसांवर कोसळले. उष्णता अडवायला वजन लागत नाही. चाळलेली कोरडी राख, धानाचे तूस, काचलोकर यांच्या कणाकणांत, धाग्याधाग्यांत हवा अडकलेली असते. म्हणून ती हलकी असूनही उत्तम काम करतात. पूर्णा जंक्शनवर वाफेची इंजिने पाहिलेल्या जुन्या मंडळींना आठवेल की, इंजिनाच्या बॉयलरवर पत्र्याचा झगा असे. त्या पत्र्याखाली आवरणच असे, मात्र ते बहुधा ॲसबेस्टॉसचे. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन घातक आजार होतात. भंगारातून असे काही मिळाले तरी शाळेत आणू नये.

आमचा पहिला प्रयोग फसला, हे कबूल केले पाहिजे. लोखंडी बंबाभोवती दोन बोटे जागा सोडून पत्रा गुंडाळला, मधे राख भरली आणि कृतार्थ झालो. वरची कड मात्र उघडीच राहिली होती. मुलांनी पाणी ओतताना ते राखेत झिरपत गेले. ओली राख उष्णता अडवत नाही, वर लोखंड खाते. दुसऱ्याच पावसाळ्यात पत्रा खालून चाळणीसारखा झाला. आता वरच्या कडेला उतरता पत्रा आहे, आणि विस्तवाच्या तोंडापासून वीतभर भाग मोकळा सोडला आहे. दुसरी गोष्ट उशिरा उमगली. विस्तव विझल्यावरही मधल्या धुराड्यातून थंड हवा वर चढत राहते आणि पाणी आतून निववते. बाहेरून कितीही गुंडाळले तरी ही वाट उघडीच. म्हणून धुराड्यावर झडप बसवली. निखारा पूर्ण विझल्याशिवाय ती लावायची नाही. धुमसत्या निखाऱ्याचा वायू दिसत नाही, वास येत नाही आणि जीव घेतो. तसेच बंबाचे झाकण कधीही घट्ट बंद करू नये, वाफेला वाट हवीच.

इतके करूनही रांगेतील शेवटच्या मुलाला थंडच पाणी मिळत होते! तेव्हा पुन्हा कागद घेतला. दोनशे लिटरच्या उघड्या पिंपातील साठ अंशांचे पाणी हिवाळ्यात तासाला साधारण तीन अंशांनी निवते. आवरणाने त्यातली बरीच गळती थांबते, परंतु मुळात ती तीनच अंशांची. खरा चोर दुसराच होता. पन्नास अंशांवर तापलेल्या दोनशे लिटरमधून निम्मे पाणी काढले आणि तेवढेच वीस अंशांचे ओतले, की सगळे पाणी एका क्षणात पस्तीस अंशांवर येते. पस्तीस म्हणजे शरीरापेक्षाही थंड. मोठ्या मुलांच्या बादल्या भरत होत्या आणि त्यांच्याच हातांनी लहानांचे पाणी निवत होते. यात कोणाची दुष्टता नव्हती. व्यवस्थाच तशी होती, आणि आवरणाने ती बदलत नव्हती.

उपाय साधा निघाला. रात्रीच्या जेवणानंतर बंब पेटवायचा आणि तापलेले पाणी तूस भरलेल्या झग्यातील वेगळ्या पिंपात उतरवायचे. त्या पिंपात थंड पाणी अजिबात ओतायचे नाही. पहाटेपर्यंत पाणी तापलेले राहते, आणि आवरणाचे खरे मोल येथे कळते, कारण आता तास सात-आठ आहेत. पहाटे बंब पुन्हा पेटतो, पण पिंपातील पाणी आधी पाचवी-सहावीच्या मुलांना मिळते. सौर बंब का बसवत नाही, असे विचारले जाते. बसवावा, आमचा विरोध नाही. पिंप आणि त्याचा झगा तेव्हाही लागणारच. आणि पाणीच नसेल तर दोन्ही बंब कोरडे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, त्या उन्हाळ्यात गरम पाण्याचा शब्द कोणी काढला नव्हता.

सध्या एकच पिंप आहे आणि ते मुलांच्या बाजूला आहे. मुलींच्या वसतिगृहासाठी दुसरे हवे. पत्रा, तोटी आणि वेल्डिंगची मजुरी एवढाच खर्च. तूस जवळच्या भातगिरणीतून मिळते. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी फॅब्रिकेशनचा व्यवसाय करीत असेल तर त्याने मापे घ्यायला एखाद्या रविवारी यावे. झडप लावण्याची पाळी फळ्यावर लिहिलेली असते. या महिन्यात ती सातवीकडे आहे.