शाळेच्या मीटरवरचा लाल दिवा

‘वीज वाचवा’ अशी पाटी नसलेली शाळा क्वचितच सापडेल. दरवर्षी १४ डिसेंबरला, राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी, निबंध आणि चित्रकलेच्या स्पर्धाही होतात. पण आपली शाळा महिन्याला किती युनिट वीज वापरते, असे विचारले तर मुलांनाच काय, शिक्षकांनाही चटकन सांगता येत नाही. मोजल्याशिवाय बचत होत नाही. मोजण्याचे साधन मात्र प्रत्येक शाळेत आहे. ते म्हणजे विजेचे मीटर.

सोलापूरहून पुण्याकडे जाताना महामार्गालगत चिंचोळी एमआयडीसी लागते. कापडापासून रसायनांपर्यंत अनेक उद्योग तेथे आहेत. वीज हा कारखान्याचा मोठा खर्च असतो. त्यामुळे मीटरच्या नोंदी ठेवणे आणि ठरावीक मालामागे किती युनिट लागले याचा हिशेब करणे हे तेथील रोजचे काम. परिसरातल्या शाळांत शिकणाऱ्या कित्येक मुलांचे पालक याच कारखान्यांत पाळी करतात. त्यांच्या कामातली ही शिस्त शाळेत आणता येईल.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो. किती लुकलुकींना एक युनिट, हे मीटरवर छापलेले असते. समजा तो आकडा ३२०० आहे. एका वर्गातले चार पंखे आणि चार जुन्या ट्यूब तेवढ्या चालू ठेवून, बाकी सर्व बंद करून, मुलांनी एक मिनिट लुकलुकी मोजाव्यात. त्या २७ भरल्या तर तासाला २७ × ६० = १६२० होतील. १६२० भागिले ३२०० म्हणजे सुमारे अर्धा युनिट. आता उलट ताळा करू. पंखा ७५ वॉटचा, जुनी ट्यूब चोकसह सुमारे ५२ वॉटची. चार-चारचे मिळून ५०८ वॉट, म्हणजे तासाला अर्धा युनिटच. पुस्तकातले वॉट आणि भिंतीवरचे मीटर असे जुळले, की मुलांचा विश्वास बसतो. मोजणी लांबूनच करावी. मीटरला किंवा बोर्डाला मुलांनी हात लावू नये.

आता प्रार्थना, मधली सुट्टी आणि खेळाचा तास धरून वर्ग रोज एक तास रिकामा असताना पंखे-दिवे चालूच राहिले, असे समजू. दहा वर्गांचे रोज पाच युनिट आणि २२० दिवसांचे ११०० युनिट होतात. कोळशापासून एक युनिट तयार करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा आणि सुमारे तीन लिटर पाणी लागते. म्हणजे रिकाम्या बाकांना वारा घालण्यासाठी वर्षाला सुमारे सातशे किलो कोळसा जळाला आणि तीन हजार लिटरहून अधिक पाणी गेले. दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचे १३२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. त्याला पाणी उजनीचे. तीच उजनी शहराला पिण्याचे आणि शेतीला ओलिताचे पाणी देते. सर्व केंद्रांची वीज एकाच जाळ्यात मिसळत असल्याने आपल्या शाळेची वीज नेमकी कुठली हे सांगता येत नाही. पण बटण आणि उजनी यांचा संबंध मुलांना समजावून सांगता येतो.

आणखी एक नोंद आम्ही आग्रहाने सुचवतो. शनिवारी शाळा सुटताना आणि सोमवारी शाळा भरण्यापूर्वी मीटरचा आकडा लिहावा. दोन्हींतील फरक म्हणजे शाळेत कोणी नसताना गेलेली वीज. ती कुठे गेली, याचा शोध मुलांनाच घेऊ द्यावा. कार्यालयातला संगणक, पाणी थंड करण्याचे यंत्र, व्हरांड्यातला दिवा, गळक्या टाकीमुळे पुन्हा पुन्हा चालणारा पंप, असे काहीतरी सापडतेच.

नव्या वस्तू घेतानाही हिशेब करावा. २० वॉटची एलईडी ट्यूब जुन्या ट्यूबपेक्षा ३२ वॉट वाचवते. रोज पाच तास वापरली तर वर्षाला ३५ युनिट वाचतात. आपल्या बिलावरचा दर लावून पाहिला तर तिची किंमत लवकर वसूल होते, असे दिसेल. सुमारे ३० वॉटचा नवा बीएलडीसी पंखा वर्षाला ५० युनिट वाचवतो, पण तो महाग असतो. म्हणून ट्यूब आधी बदलाव्यात. पंखा मात्र जुना बिघडेल तेव्हा बदलावा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेथे मुलांना उकाड्यात बसवून केलेली बचत ही बचत नव्हे. भरलेल्या वर्गातला पंखा चालू राहिलाच पाहिजे. उलट फेब्रुवारीतच छताला बाहेरून पांढरा चुना दिला तर ऊन परावर्तित होते आणि वर्ग कमी तापतो. थकलेल्या बिलांपायी जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांची वीज तोडली गेल्याचे आपण वाचले आहे. रिकाम्या वर्गात वाया गेलेला प्रत्येक युनिट त्या बिलात भर घालतो.

सातवी-आठवीच्या मुलांकडे एक वही द्यावी. रोज मीटरचा आकडा, वापरलेले युनिट आणि हजेरी अशा तीन नोंदी पुरेत. महिन्याअखेर ‘दर विद्यार्थ्यामागे किती युनिट’ याचा आलेख फळ्यावर काढावा. विज्ञान, गणित आणि पर्यावरण हे तीन विषय त्या एका आलेखात येतात.