तळ्यातील शेवाळ आणि शेतातील स्फुरद

पावसाळा सरता सरता पुष्कळ गावतळ्यांचे पाणी हिरवेगार होते. वर शेवाळाचा तवंग येतो, काठाशी जलपर्णी माजते आणि एखाद्या पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. शेतातून व वस्तीतून वाहून आलेल्या अन्नद्रव्यांचा हा परिणाम होय.

पिकांप्रमाणेच शेवाळालाही नत्र व स्फुरद लागते. गोड्या पाण्यात स्फुरद मुळातच फार थोडे असते व त्यामुळे शेवाळाची वाढ बहुधा मर्यादित राहते. याची खात्री पटविणारा प्रयोग १९७३ साली कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात झाला. शास्त्रज्ञांनी तेथील २२६ क्रमांकाचे सरोवर मध्ये पडदा लावून दोन भागांत विभागले. दोन्ही भागांत कर्ब व नत्र घातले. स्फुरद मात्र एकाच भागात घातले. तोच भाग शेवाळाने हिरवा झाला. केवळ नत्र रोखून भागत नाही, कारण निळ्या-हिरव्या शेवाळाच्या कित्येक जाती हवेतील नत्र स्वतःच स्थिर करतात.

शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, परंतु रात्री तेच पाण्यातील प्राणवायू वापरते. मेलेले शेवाळ कुजतानाही तो खर्च होतो. म्हणून पहाटे मासे गुदमरतात. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विषारी असतात व त्यांचे विष पाणी उकळूनही जात नाही. असे पाणी जनावरांना पाजू नये.

स्फुरद मातीच्या कणांना चिकटून राहते. बांध फुटून माती वाहिली की विकत घेतलेले खतही तिच्याबरोबर तळ्यात जाते. याकरिता शेतकरी बंधूंनी उताराला आडवी मशागत व पेरणी करावी आणि बांध दुरुस्त ठेवावेत. माती परीक्षणानुसारच खत द्यावे व ते फोकून न देता पाभरीने पेरून द्यावे. काठालगत गवताचा पट्टा राखावा. शेणखताचे खड्डे तळ्यापासून दूर असावेत. काढलेली जलपर्णी काठावर कुजू न देता कंपोस्टच्या खड्ड्यात भरावी.

तळाच्या गाळातील स्फुरद प्राणवायू संपताच पुन्हा पाण्यात मिसळते. त्यामुळे एकाच वर्षात पाणी निवळेल अशी अपेक्षा धरू नये. उन्हाळ्यात तळे आटल्यावर गाळ काढून हलक्या जमिनीत पसरावा. असे केल्याने शेतातून वाहून गेलेला कस शेतात परत येतो आणि तळ्याचे पाणी गुराढोरांच्या व माशांच्या उपयोगी पडते.