ज्वारीची बिअर व डर्बनची नगरपालिका

बिअर म्हटली कीं विलायती बाटली डोळ्यांपुढें येते. मद्याचा थेंबहि न शिवलेल्या मास्तरानें तिजवर लिहावें याचें वाचकांस हंसूं येईल. पण विषय ज्वारीचा आहे. आपल्या भाकरीची ही ज्वारी मूळची आफ्रिकेची. दक्षिण आफ्रिकेंतील झुलू स्त्रिया तिला मोड आणून, वाळवून दळतात. मग शिजवून आंबवितात. होणारें पेय गढूळ, आंबूस व थोड्याच दिवसांत नासणारें. शहरांत आलेल्या कित्येक बायकांचा चरितार्थ त्यावरच चाले.

१९०८ सालीं नाताळ वसाहतीच्या सरकारनें कायदा करून या पेयाचा मक्ता नगरपालिकांना घेऊं दिला. डर्बननें तो घेतला, स्वतःचे गुत्ते उघडले, आणि नफ्यांतून आफ्रिकन लोकांवर देखरेख करणाऱ्या खात्याचा खर्च भागविला. मजुरानें प्यावें आणि आपल्याच पहारेकऱ्याचें वेतन चुकवावें! मद्यपान निंद्य खरेंच. पण नगरपालिकेनें पाजलें म्हणजे तें शुद्ध कसें होतें? घरीं बिअर करणाऱ्या बायकांवर मात्र पोलिसांच्या धाडी पडत.

१९५९ च्या जूनमध्यें डर्बनच्या केटो मॅनर वस्तींतील बायका काठ्या घेऊन नगरपालिकेच्या गुत्त्यांत शिरल्या, पिणाऱ्या पुरुषांना त्यांनीं बाहेर हांकललें, आणि तेथली बिअर ओतून दिली.