धंद्याचा अभ्यास आणि ऊस उत्पादक सभासद



मागच्या दिवाळीत भाईंदरहून गावी आलेला एका सभासदाचा मुलगा शेती कार्यालयाच्या ओट्यावर आमच्याशी बोलत बसला होता. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, त्यातल्या एका गाळ्यात तो पॉलिशवर आहे. आपल्या भागातली बरीच पोरं तिकडे आहेत. मीरा-भाईंदर म्हणजे मूळची मिठागरांची आणि भातशेतीची गावं. १९८५ साली तिथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत वस्ती आठ लाखांवर गेली. तो सांगत होता, "शेठ समोर असला की माल निघतो. शेठ मार्केटला गेला की गाळा थंड. एक पाना शोधायला अर्धा तास जातो." आणि मग म्हणाला, "कॉलेजात शिकवतात ते मॅनेजमेंट म्हणजे शेवटी काय हो? त्यानं पाना सापडतो का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्याच रेल्वे लाइनवर, विरार-पालघरच्या पुढे बोईसरला उतरलं की तारापूरची औद्योगिक वसाहत लागते. तिथे आणि गुजरातच्या हद्दीतल्या उंबरगावला नेमका हाच प्रश्न घेऊन काही संशोधक गेले होते. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ पासून सुती कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांच्या २८ कारखान्यांचा अभ्यास केला. कंपन्या लहान नव्हत्या, सरासरी पावणेतीनशेच्या आसपास माणसं कामाला. पण आत काय होतं? सूत कुठल्या जातीचं, कधी आलं, याची चिठ्ठी नाही. पोत्यांचे ढीग पडलेले. हत्यारं विखुरलेली. माग बंद पडल्यावर दुरुस्ती, आधी नाही. कापडातले दोष वहीत लिहिले जात, पण वही उघडून रोज कुणी पाहत नसे.

संशोधकांनी काही कारखान्यांना सल्लागार फुकट दिले. एक महिना तपासणी आणि चार महिने प्रत्यक्ष मदत. तुलनेसाठी बाकीच्यांना नुसती तपासणी दिली. कुणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे मुळात चांगले कारखाने एकाच बाजूला गेले असं म्हणायला जागा राहिली नाही. या पद्धतीत सगळी मेख तीच आहे. आपणही नव्या बेण्याचा प्लॉट घेतो तेव्हा शेजारच्या सरीत जुनं बेणं ठेवतो, नाहीतर फरक बेण्याचा की पावसाचा हे कळत नाही. निकाल असा आला: पहिल्या वर्षात उत्पादकता सुमारे १७ टक्के वाढली, दोष कमी झाले, पडून राहणारा माल कमी झाला. नवीन यंत्र बसवून नव्हे, तर वही रोज वाचून, चिठ्ठी लावून, हत्याराला जागा नेमून.

मग हे आधी का केलं नाही? मालकांची उत्तरं साधी होती. काही गोष्टी माहीतच नव्हत्या, आणि ज्या माहीत होत्या त्यांनी फायदा होईल यावर विश्वास नव्हता. धंदा किती वाढतो हे घरात कर्ते पुरुष किती यावर ठरत होतं, कारण बाहेरच्या माणसाच्या हातात किल्ली द्यायला कुणी तयार नव्हतं. गाळ्यातल्या पोराचं "शेठ नसला की गाळा थंड" हे वाक्य म्हणजे तोच निष्कर्ष. फक्त त्यानं तो एका ओळीत सांगितला.

२०१७ साली हेच संशोधक पुन्हा तिथे गेले. शिकवलेल्या सुधारणांपैकी जवळजवळ निम्म्या सुटल्या होत्या, मुख्यतः कारखान्याचा मॅनेजर बदलला किंवा मालकाला वेळ राहिला नाही म्हणून. तरीही मदत मिळालेले कारखाने बाकीच्यांपेक्षा पुढेच होते. चांगली पद्धत माणसाबरोबर येते आणि बऱ्याचदा माणसाबरोबर जाते, हे चांगला चिटबॉय बदलून गेल्यावर आपण तोडणीच्या पाळीपत्रकात पाहिलेलंच आहे.

आता दुसरी गोष्ट, ही थेट उसाची. तामिळनाडूत विलुपुरम आणि तिरुवन्नामलै जिल्ह्यांतल्या ५४ गावांमधल्या ४६४ ऊस उत्पादकांवर एक अभ्यास झाला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ हे त्याचे लेखक. ऊस वर्षातून एकदा जातो आणि पैसा एकदाच येतो, हे तिथेही आहे. त्यांनी एकाच शेतकऱ्याला दोनदा गाठलं, तोडणीच्या आधी आणि बिल मिळाल्यावर. आधी १०० पैकी ७८ जणांनी काहीतरी गहाण टाकलेलं होतं, नंतर फक्त ४ जणांचं गहाण उरलं होतं. दोन्ही वेळी त्यांना आकृत्यांची कोडी सोडवायला दिली. दुसरा एक खेळही दिला: कागदावर ५ ५ ५ लिहिलेलं असेल तर "पाच" म्हणायचं नाही, आकडे किती वेळा आले ते सांगायचं, म्हणजे "तीन". ऐकायला सोपं आहे, करून पाहा.

तोच शेतकरी, तेच शिक्षण, पण तोडणीच्या आधी त्याला ही कोडी कमी सुटली. कुणी म्हणेल, आधी उन्हाळा असेल, नंतर थंडी असेल. पण कारखान्याच्या वेळापत्रकानुसार कुणाचा ऊस लवकर जातो, कुणाचा महिन्यांनी. त्यामुळे एकाच आठवड्यात कुणी बिल घेतलेला तर कुणी वाट पाहणारा मिळतो आणि ऋतूचा फरक बाजूला काढता येतो. लेखकांचं म्हणणं असं की पैशाची ओढाताण डोक्यातली जागा अडवते. सावकाराचा हप्ता, मुलीची फी, इंजिनचं डिझेल हे आत चालूच असतं, मग हातातल्या कामाला लक्ष कमी पडतं. यात अक्कल कमी असण्याचा संबंध नाही. या निष्कर्षावर काही अभ्यासकांनी आक्षेपही घेतले, आणि अमेरिकेत पगाराआधी व पगारानंतर केलेल्या तशाच एका तपासणीत असा फरक सापडला नाही. म्हणून हे काळ्या दगडावरची रेघ समजू नये. पण चौदा महिने उसाकडे बघत बसलेल्या आमच्यासारख्यांना ते अगदीच परकं वाटत नाही.

याला जोडूनच केनियातला मका उत्पादकांवरचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. एस्थर डफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी २०११ साली तो मांडला. खत घ्यायची इच्छा सगळ्यांना होती, पण पेरणीच्या वेळी हातात पैसा नसे. मग कापणी झाल्याबरोबर, पैसा असतानाच, "आता पैसे भरा, खत घरपोच फुकट आणून देऊ" अशी सवलत ठेवली. खताचा वापर चांगलाच वाढला. तीच सवलत पुढे उशिरा दिली तेव्हा तितका परिणाम झाला नाही. उसाच्या पहिल्या उचलीबरोबरच खोडव्याच्या खताची नोंदणी घेतली तर काय होईल, हा विचार शेती खात्याने करून पाहायला हरकत नाही. अर्थात सक्तीची कपात नको, सभासदाच्या सहीने.

आता तिसरी गोष्ट, आणि ती जरा अवघड जागची आहे. ती छापावी का यावर आमच्यातच दोन मतं होती.

अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी आणि देबराज रे यांनी २००१ साली महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांवरच एक मोठा लेख प्रसिद्ध केला. त्यात १९७१ ते १९९३ या काळातल्या जवळपास १०० कारखान्यांचे आकडे होते. यातले बॅनर्जी मुंबईत जन्मलेले. डफ्लो आणि क्रेमर यांच्याबरोबर त्यांना २०१९ साली नोबेल मिळालं. त्यांचा प्रश्न होता, एक सभासद एक मत आहे, सगळ्यांना टनाला एकच भाव आहे, मग बडा आणि लहान यांत फरक पडतो कसा?

त्यांचं उत्तर असं. बागायतदाराला टनामागे जास्त भाव घेता येत नाही. पण संचालक मंडळात वजन असेल तर भाव थोडा कमी ठेवून कारखान्यात जास्त पैसा राखता येतो, आणि तो कुठे खर्च होतो यावर त्याचा हात राहतो. जिथे लहान उत्पादक अगदी थोडे, तिथे असं करण्यात अर्थ नसतो, कारण बहुतेक ऊस बड्यांचाच, म्हणजे स्वतःच्याच खिशाला चाट. जिथे लहान लोक बहुसंख्य, तिथे मतपेटी त्यांच्या बाजूने बोलते. भाव खाली जातो तो मधल्या ठिकाणी, जिथे लहानांचा ऊस पुष्कळ आहे पण जोर पुरेसा नाही. आकड्यांत हीच वाटी उमटलेली त्यांना दिसली: दोन्ही कडांना भाव वर, मध्ये खाली.

हा कुण्या एका कारखान्यावर आरोप नाही, आणि राखलेला पैसा वाया गेला असंही नाही. शाळा, दवाखाने, कॉलेजं त्याच पैशातून उभी राहिली. प्रवरेला १९५० साली कारखाना उभा करताना विठ्ठलराव विखे पाटलांच्या सोबत पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होतेच. अभ्यास आणि सहकार यांची गाठ तेव्हाची आहे. पण बिलातून परतीची ठेव, बिनपरतीची ठेव कापली गेली तेव्हा ती किती आणि कशासाठी, हे विचारणारा सभासद कारखान्याचा शत्रू नसतो. आकड्यांनी तरी तसंच दाखवलं आहे.

धोरणही अशाच अभ्यासातून बदलत गेलं. २००९ साली किमान भावाऐवजी रास्त व किफायतशीर दर आला. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरला. रंगराजन समितीने २०१२ साली साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाला द्यावा असं सुचवलं, आणि २०१३ साली महाराष्ट्राने ऊस दरासाठी कायदा केला. म्हणजे अंतिम भाव काढताना साखर किती रुपयांनी विकली, मळी आणि बगॅसचं काय आलं, हे आकडे लागतात. ते ताळेबंदात असतात.

मागील पाच वर्षांचे वार्षिक अहवाल प्रत्येक गट कार्यालयात पाहायला ठेवले आहेत. ताळेबंद समजून घ्यायचा असेल तर सर्वसाधारण सभेच्या आधीच्या आठवड्यात हिशेब खात्याचा माणूस दुपारी दोननंतर तिथे बसेल. येताना आपलं मागचं ऊस बिल बरोबर आणावं.