जमिनीखालची पाणीगळती कशी शोधतात?



'पाणी वाचवा' म्हटलं की मुलं लगेच गळक्या नळाचं चित्र काढतात. पण शहराचं कितीतरी पाणी रस्त्याखाली, कुणाला न दिसता जातं. मुंबईचंच बघा. विहार (१८६०), तुळशी, तानसा, मोडकसागर, भातसा अशा सात जलाशयांतून रोज साधारण ३८५० दशलक्ष लिटर पाणी येतं. गळती आणि चोरी धरून त्यातल्या पाव भागाहून जास्त पाण्याचा हिशोब लागत नाही.

मोठी लाईन फुटली की कारंजं उडतं, बातमी होते, दुरुस्तीही होते. खरी फसवी असते ती बारीक गळती. समजा, फुटलेल्या लाईनमधून तासाला ५०,००० लिटर पाणी गेलं आणि १० तासांत ती बंद केली. ५ लाख लिटर वाया. दुसरीकडे एका भेगेतून तासाला फक्त ५०० लिटर जातंय, पण रात्रंदिवस, १०० दिवस. होतात १२ लाख लिटर! हे फळ्यावर मुलांकडूनच करून घ्या.

मग ती भेग सापडते कशी? आवाजावरून. दाबाखालचं पाणी भेगेतून निघताना आवाज होतो आणि तो पाईपच्या धातूतून दूर जातो. कर्मचारी लोखंडी काठी व्हॉल्व्हवर टेकवून तिच्या टोकाला कान लावतात. रात्री हे काम बरं, गोंगाट कमी असतो. नेमकी जागा हवी असेल तर कोरिलेटर हे यंत्र वापरतात. दोन व्हॉल्व्हवर दोन सेन्सर लावायचे आणि आवाज कुठे किती उशिरा पोचला ते मोजायचं.

नववी-दहावीच्या शिक्षकांनो, ही तर तयार दोन चलांतील समीकरणं आहेत! सेन्सरमधलं अंतर १२० मीटर, लोखंडी पाईपमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला १२०० मीटर धरू, फरक ०.०२ सेकंद. म्हणजे क्ष + य = १२० आणि य − क्ष = २४. गळती जवळच्या सेन्सरपासून ४८ मीटरवर. तिथेच खणायचं, अख्खा रस्ता नाही. प्लॅस्टिकच्या पाईपमधून मात्र आवाज नीट जात नाही.

आपल्याकडे एक वेगळीच अडचण आहे. पाणी ठरावीक तासच येतं. चावीवाल्याने व्हॉल्व्ह बंद केला की दाब संपतो आणि आवाजही. चोवीस तास पाणी असेल तर मध्यरात्री, सगळे झोपलेले असताना, विभागाच्या मीटरवर दिसणारा प्रवाह बहुतेक गळतीचाच असतो; पण तासांच्या पुरवठ्यात त्या वेळी लोक टाक्या भरत असतात, त्यामुळे ही युक्ती इथे फारशी चालत नाही.

आणि मुद्दा फक्त वाया जाण्याचा नाही. दाब गेलेल्या पाईपमध्ये त्याच भेगेतून बाहेरचं गटाराचं पाणी आत शिरतं. गटारातून पाईप गेलेल्या वस्त्यांत हा धोका सर्वांत जास्त, म्हणून पाणी आल्यावर पहिलं गढूळ पाणी पिऊ नये.

दाब गरजेपेक्षा जास्त ठेवला तर गळतीही वाढते, म्हणून काही ठिकाणी दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवतात. माझ्या मते नवीन धरणाआधी हे काम व्हायला हवं.

घरी मुलांसोबत एक करून बघा. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग घाला आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर टाकी गळतेय.