न दाबलेले बटण

आजचे युग हे माहितीचे युग आहे, असे आपण वक्तृत्वस्पर्धेत दरवर्षी ऐकतो. परंतु ही माहिती कोणाची, आणि ती कोणाकडे जमा होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात त्याच्या एका लहानशा भागाचा, म्हणजे संकेतस्थळांवरील 'लाइक', 'शेअर' वगैरे बटणांचा आणि त्यांच्या अदृश्य भावंडांचा विचार करावयाचा आहे.

समजा, आपण बोळिंजहून आगाशीच्या बाजारात गेलो. भाजी घेतली, औषध घेतले, सोनाराकडे दागिना गहाण ठेवला. प्रत्येक दुकानदाराला आपण त्याच्यापुरतेच ठाऊक असतो. पण प्रत्येक उंबऱ्यावर एकाच सावकाराचा मुनीम वही घेऊन बसला असेल तर? आपली सगळी हकीकत एकाच वहीत उतरेल. संकेतस्थळांवर नेमके हेच घडते.

फोनवर एखादे पान उघडले की ते सबंध पान एकाच ठिकाणाहून येत नाही. बातमी वृत्तपत्राच्या संगणकावरून येते. जाहिराती, बटणे मात्र इतरांच्या संगणकांवरून मागवली जातात. 'लाइक'चे बटण फेसबुककडून येत असे. ते मागवताना आपला ब्राउझर आपण कोणत्या संकेतस्थळावर आहोत हे आणि आपला इंटरनेटवरील पत्ता तिकडे कळवी. फेसबुकने पूर्वी ठेवलेली 'कुकी' नावाची ओळखचिठ्ठी असली, तर तीही सोबत जाई. म्हणजे बटण दाबण्याची गरजच नव्हती. पान उघडले की नोंद झाली!

हे बटण फेसबुकने इतर संकेतस्थळांना २०१० साली देऊ केले. २९ जुलै २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने 'फॅशन आयडी' या जर्मन कपडेविक्रेत्याच्या खटल्यात असा निर्णय दिला की, माहिती गोळा करून पाठवण्यापुरता बटण लावणाराही फेसबुकबरोबर जबाबदार आहे. पुढे मेटा कंपनीने इतर संकेतस्थळांवरील लाइक व कॉमेंटची बटणे १० फेब्रुवारी २०२६ पासून बंद करण्याचे जाहीर केले. तथापि एवढ्याने निश्चिंत होऊन चालणार नाही. 'मेटा पिक्सेल'सारखे मागोवा घेणारे तुकडे डोळ्यांना दिसतच नाहीत. बटण निदान दिसत तरी होते!

कोणी म्हणेल, आपल्यासारख्या सामान्य माणसाची माहिती घेऊन कोण काय करणार? मित्रहो, आमच्यासारख्या घरांत चांगला फोन बहुधा एकच. आईचे दुखणे, बाबांचे कर्ज, ताईचे स्थळ, सारे त्याच काचेवर शोधले जाते. ज्या गोष्टी आपण शेजारच्या खोलीत कळू देत नाही, त्या परक्या कंपनीच्या वहीत का जाव्यात? कर्जाच्या शोधात असलेल्या माणसाला कर्जाच्याच जाहिराती दिसू लागतात, तेव्हा त्याची अडचण हाच कोणाचा तरी धंदा झालेला असतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्या पीठावर नागपूरचे न्या. शरद बोबडे होते. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण कायद्याचा शिपाई दारात उभा राहीपर्यंत कडी आपणच लावलेली बरी.

ही कडी सोपी आहे. फायरफॉक्स २०१९ पासून समाजमाध्यमांच्या मागोवा घेणाऱ्या कुकीज आपोआप अडवतो. क्रोममध्ये सेटिंगमध्ये जाऊन 'थर्ड-पार्टी कुकीज' बंद कराव्यात. अँड्रॉइड फोनवरील फायरफॉक्समध्ये 'यूब्लॉक ओरिजिन' ही जोडणी फुकट बसवता येते. तिच्याजवळ पाळत ठेवणाऱ्या पत्त्यांची यादी असते. पानाकडून होणारी प्रत्येक मागणी ती यादीशी ताडून पाहते, आणि पत्ता जुळला तर मागणी बाहेर पडूच देत नाही. डेटा वाचतो, हा वरचा लाभ.

या उपायालाही मर्यादा आहेत. फोनमधील निरनिराळ्या ॲपवर तो चालत नाही. खाते उघडून आपण स्वतः दिलेली माहिती तो झाकत नाही. क्वचित एखादे पान नीट उघडत नाही, तेव्हा त्या पानापुरता तो थांबवावा लागतो. शिवाय पुष्कळ वृत्तपत्रे जाहिरातींवर जगतात, हेही खरे. पण जाहिरात दाखवणे निराळे आणि वाचकाच्या मागे माणूस लावणे निराळे.

कॉलेजची पायरी चढणारी मी आमच्या घरातली पहिलीच. बँकेचा अर्ज आला की वाचायला घरचे मला हाक मारतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेच असेल. मग फोनची सेटिंग उघडून वाचण्याचे कामही आपल्याच वाट्याचे आहे. त्याला पाच मिनिटे पुरतात.