शिप की शीप?

आमच्या घुग्घुसला रोज दुपारी पाच-सहा मुली माझ्याकडे इंग्रजी वाचायला येतात. कोणाचे वडील कोळसा खाणीत, कोणाचे सिमेंट कारखान्यात. परवा सातवीतली एक गप्पच होती. विचारलं तर म्हणते, "काकू, मी आता इंग्रजी बोलतच नाही जी. वर्गात सगळे हासले मले."

झालं काय, तर ती म्हणाली होती, 'आय लीव्ह इन घुग्घुस.' लिव्ह म्हणजे राहणं, लीव्ह म्हणजे सोडून जाणं. एका वेलांटीनं पोरीचं गावच सुटलं!

पण दोष तिचा एकटीचा नाही. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, हे आपण लिहिताना पाळतो. बोलताना मात्र दोन्ही बहुतेक सारखेच, अर्थ संदर्भानं कळतो. तीच सवय इंग्रजीत नडते.

बरं, इंग्रजीत आवाज नुसता लांबवून भागत नाही, तोंडही बदलतं. 'शीप' म्हणजे मेंढी म्हणताना ओठ हसल्यासारखे ताणा. 'शिप' म्हणजे जहाज म्हणताना सैल सोडा. 'फूल' म्हणजे मूर्ख म्हणताना ओठांचा चंबू करा, 'फुल' म्हणजे भरलेलं म्हणताना तो ढिला ठेवा. आरसा समोर घेतला की लगेच कळतं.

स्पेलिंगचीही मदत होते. डबल ई किंवा ई-ए दिसलं की बहुधा दीर्घ. डबल ओ मात्र फसवा: 'फूड' दीर्घ, 'गुड' ऱ्हस्व. 'किट'ला शेवटी ई लागला की 'काइट' होतो. मुलांच्या पुस्तकात यालाच 'लाँग आय' म्हणतात, आपली दुसरी वेलांटी ती नव्हे! आणि नेमका 'लिव्ह' या नियमात बसत नाही. शेवटी ई असूनही तो ऱ्हस्वच. तेच स्पेलिंग टीव्हीवर 'लाइव्ह' होतं!

आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवली. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, म्हणून मुलं आधी आईलाच विचारतात. 'मला नाही येत' म्हणून उठू नका. मेंढीचं आणि जहाजाचं चित्र काढा. एकीनं शब्द म्हणायचा, दुसरीनं चित्र दाखवायचं. आधी कान तयार होतो, मग जीभ.

आठवडाभर आम्ही हाच खेळ खेळलो. काल ती दारातूनच ओरडली, "काकू, आय लिव्ह इन घुग्घुस!"

हसलो आम्ही सगळ्याच. पण या वेळी तीही हसली.